खड्डाबाईचं लिंबू

आमच्या हिला गिऱ्हाइकं खड्डाबाई म्हणतात. तोंडावर नव्हे, पाठीमागे. तिला ते ठाऊक आहे आणि त्याचं तिला काही वाटत नाही. वाटायचं ते मलाच वाटतं. एवढा संसार करून शेवटी माझी ओळख काय राहिली, तर खड्डाबाईचा नवरा.

आमची नर्सरी घराला लागूनच आहे. पुढे रस्ता, मागे घर, मध्ये हिरव्या जाळीखाली रोपं. माणूस आत येतो, फुलं बघतो, एकाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, हे द्या. दुसरी कुणी असती तर तिने रोप पिशवीत घातलं असतं आणि पुढच्याकडे वळली असती. ही विचारते, "लावणार कुठे?" तो सांगतो, घरापुढे. "माती कशी आहे?" तो म्हणतो, माती काय, मातीसारखी माती. झालं. ही हातातला पाइप खाली ठेवते आणि हिच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. घरी जा. लावायचं तिथे हातभर खोल खड्डा खणा. संध्याकाळी काठोकाठ पाण्याने भरा. जिरलं की पुन्हा भरा. सकाळी उठून बघा आणि मला येऊन सांगा. पाणी पार नाहीसं झालं असेल तर एक रोप देईन, तळाशी राहिलं असेल तर दुसरं देईन, आणि जसंच्या तसं असेल तर काय लावायचं नाही तेवढं सांगेन.

आता सुट्टीच्या दिवशी बायकापोरांना गाडीत घालून गुलाब घ्यायला आलेला माणूस घरी जाऊन खड्डा खणत बसेल का? तो सरळ चौकातल्या दुकानात जातो. तिथे फुलांनी लगडलेला गुलाब हसतमुखाने हातात देतात. तो महिन्याभरात मरतो, माणूस दुसरा नेतो, दुकानदार आणखी हसतो. मी हिला किती वेळा सांगितलं, अगं, देऊन टाक, मेलं तर त्याचं नशीब. ही म्हणते, "नशीब कसलं, पाय पाण्यात बुडवून ठेवले तर तुम्ही तरी जगाल का?" हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. मी कधीच हात टेकले.

खड्डा नाही जमत तर निदान मूठभर माती आणा म्हणते, आणि वरची नको, हातभर खालची. ती माती मुठीत दाबते, बोटाने टिचकी मारते. गोळा फुटून मोकळा झाला तर खूश. फुटला नाही, तर तळहातावर वळून बघते, सुतळीसारखी वळी झाली की मान हलवते. आणि दाबूनही गोळा न होता बोटांतून गळून गेली, तर विचारते, रोज पाणी घालायला घरी माणूस आहे का. एकदा एक आजोबा डब्यात माती घेऊन आले. इतकी बारीक आणि कोरडी, की अंगाला लावायची पावडर वाटावी. आजोबा मोठ्या कौतुकाने म्हणाले, "दोन दिवस उन्हात वाळवली, मग चाळली. म्हटलं, तुमचे हात खराब व्हायला नकोत." हिने कपाळाला हात लावला. "आजोबा, ताप आलेल्या माणसाला बर्फात बसवून मग डॉक्टरकडे नेता का हो तुम्ही? आता मी काय बघू यात?" आजोबा दुसऱ्या दिवशी ओली माती घेऊन परत आले. अशी माणसं हिला भेटतात म्हणून हिचं फावतं.

हल्ली मात्र ही थकली आहे. दोघंही थकलो आहोत. मी टेम्पो चालवायचो, त्यात पाठ गेली. आता फक्त हिच्या कुंड्या जवळच्या जवळ पोचवतो. ही पाइप ओढते आणि मध्येच उलट्या डब्यावर बसते. बसलेली कुणी बघितलं तर लगेच उठते आणि उगाच एखादं पान खुडते. विचारलं तर म्हणते, काही नाही. "काही नाही" हे हिचं सगळ्यावरचं औषध आहे.

पण ही थकण्याचं खरं कारण हातपाय नव्हते, मुलगी होती.

मुलगी आमची एकुलती. तपासणीच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढायचं काम करते. हात आईचा, पहिल्या टोचणीत नस सापडते, माणसाला कळतसुद्धा नाही. लग्न तिने स्वतःच ठरवलं होतं, आम्हीही आनंदाने लावून दिलं. पुढे जे निघालं ते निघालं. जावई मारहाण करणारा नव्हता. तो बोलायचाच नाही. आठवडेच्या आठवडे घरात माणूस असून नसल्यासारखं, आणि बोलला की असं काही बोलायचा की त्यापेक्षा मुकाट असलेला बरा. एका दुपारी ती बॅग घेऊन घरी आली. मी गाडीवर होतो. ही तिच्याशी बोलली. जीव लाव, अजून थोडं सांभाळून घे, माणूस हळूहळू पाझरतो, असं काहीतरी समजावलं, आणि मी घरी पोचायच्या आत मुलगी परत गेलेली होती. मी हिला त्या वेळी वाटेल ते बोललो. काय उपयोग. त्यानंतर मुलगी कितीतरी वर्षं त्या घरात राहिली आणि आमच्याकडे बॅग घेऊन पुन्हा कधी आली नाही.

गेल्या वर्षी ती तिथून निघाली ती आमच्याकडे नाहीच आली. गावाच्या दुसऱ्या टोकाला नवी वसाहत झाली आहे, तिथे एक बैठं घर घेतलं. दोन खोल्या आणि मागे ओटीएवढी जागा. माझ्याशी फोनवर बोलायची. आईशी हो आणि नाही, त्यापलीकडे नाही. ही फोन हातात घेऊन उभी राहायची, "जेवलीस का" विचारायची, तिकडून "हो" यायचं, आणि ही फोन माझ्याकडे द्यायची. माझ्या तोंडी दोघींसाठी शिव्या यायच्या.

मग एक दिवस मुलीने आपणहून आईला फोन लावला. म्हणाली, "आई, आपल्या मागच्या दाराच्या लिंबाचं एक रोप मला देशील? मागे लावायचंय."

हिचा चेहरा मी काय सांगू. फोन ठेवला आणि स्टूल घेऊन थेट लिंबापाशी गेली. फांदीची साल गोल काढली, त्यावर ओलं शेवाळ बांधलं, वरून प्लास्टिक गुंडाळलं. गुटी कलम म्हणतात त्याला. फांदी झाडावर असतानाच तिथे मुळं धरतात, मग कापून लावायची. रोज सकाळी चहाच्या आधी त्या प्लास्टिकमधून मुळं दिसतात का बघायची. मी म्हटलं, नर्सरीतलं तयार लिंबू का देत नाहीस, डझनभर पडलीत. तर माझ्याकडे असं बघितलं, की मी काही अभद्रच बोललो.

मुळं धरली तेव्हा आम्ही मुलीकडे गेलो. कलम नेलं नव्हतं, आधी जागा बघायची होती. मुलगी तिच्यापरीने नीट वागली. पाणी दिलं, चहा केला. मागची जागा दाखवली. वरून माती कोरडी, भेगा पडलेल्या. मुलगी म्हणाली, "बघ, कोरडी ठणठणीत आहे. लिंबाला बरी ना?" ही तशीच बाहेर गेली. टेम्पोतून कुदळ काढली आणि खणायला लागली. वीतभर खाली गेली आणि मला तिच्या खांद्यांवरूनच कळलं. माती राखाडी निघाली, मध्ये मध्ये गंजासारखे तांबडे ठिपके, आणि वास गटारीचा. पुढे कळलं, तिथे आधी तळं होतं, ते बुजवून वसाहत केली. वर आणून टाकलेली माती वाळते, खाली तळं आहे तिथेच आहे. खड्डा पाण्याने भरून आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर ओतलं होतं त्यापेक्षा पाणी जास्त.

त्या सकाळी जाताना वाटेत टेम्पो थांबवून मी हिच्यापुढे अक्षरशः हात जोडले होते. म्हटलं, "हे बघ, जे काय असेल ते असो, या वेळी गप्प बस. पोरीने इतक्या वर्षांनी तुझ्याकडे काही मागितलंय. देऊन टाक. मरेल तेव्हा मरेल. वर्षभर तरी तुमचं बोलणं होईल."

ही खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "मेलं तर ती काय म्हणेल, ठाऊक आहे? म्हणेल, माझ्या हातून हेही जगलं नाही."

मी टेम्पो पुन्हा चालू केला.

तर हिने मुलीला सांगून टाकलं. इथे जमिनीत लिंबू टिकणार नाही, मुळं कुजतील. मोठ्या कुंडीत लाव, मी आणून देते, नाहीतर विटा रचून उंच वाफा करू. जमिनीत लावायचं तर कर्दळ लाव, तिला ओल आवडते, छान लाल फुलं येतात.

मुलगी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "कुंडी नको. कुंडी म्हणजे उचलून न्यायची वस्तू. मला जमिनीत लावायचंय. हे माझं घर आहे."

"अगं, पण माती..."

"मातीचं मला सांगू नकोस. साऱ्या गावाला रोपं वाटतेस. मी एक लिंबू मागितलं तर त्यालाही नाही. आणि कर्दळ मला आवडत नाही." ती घरात गेली आणि भांडी घासायला लागली. आदल्या रात्रीची घासून ठेवलेली तीच भांडी. आम्ही जरा वेळ मागच्या पायरीवर उभे राहिलो आणि निघालो. परतताना मी एवढा तापलो होतो, की दोन गिअर चुकीचे टाकले.

पुढे मुलीने चौकातल्या त्या हसऱ्या दुकानातून लिंबू आणून लावलं. मला फोटो पाठवला. चकचकीत पानं, खाली नीट आळं केलेलं, आळ्यात पाणी. मी हिला दाखवला. हिने फोटो मोठा केला, नुसतं आळं बघितलं, आणि फोन परत दिला. आमचं कलम पिशवीत मागच्या दारी पडून राहिलं. ते विकायचं नाही आणि कुणाला द्यायचंही नाही, असं हिने बजावलं. हिचं नेहमीचं काम चालू होतं, गिऱ्हाइकांना खड्डेही सांगत होती, पण पहिल्यासारखी हुज्जत घालत नव्हती. कुणी म्हणालं, खड्डा नको, रोप द्या, तर एखाद्याला देऊनही टाकायची. इतकी वर्षं मी जे सांगत होतो ते ही आता करायला लागली, आणि मला काडीचा आनंद झाला नाही.

मग एका सकाळी मुलीचा मला फोन. "बाबा, लिंबाची पानं पिवळी पडतायत. गळायलाही लागलीत. आईला सांगू नका."

मी सांगितलं. लपवणं माझ्याच्याने होत नाही. हिने एवढंच विचारलं, "पाणी घालते का?"

"रोज. दोन्ही वेळा म्हणाली."

ही उठली, हात धुतले, कुदळ आणि कर्दळीचे दोन कंद घेतले, आणि टेम्पोत जाऊन बसली. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मीच वाटेला लावलं.

मुलगी दार उघडून माझ्याकडे रागाने बघत राहिली, मग बाजूला झाली. आम्ही मागे गेलो. लिंबाला चार पानं उरली होती, तीही हळदीसारखी. आळ्यात त्या सकाळचं पाणी तसंच उभं होतं. ही उकिडवी बसली. खोडाला हात घातला. कुदळ लागलीच नाही. रोप चिखलातून अलगद वर आलं. मुळं काळी झाली होती, आणि हिने एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल सगळी हातात आली, आत दोऱ्यासारखं काहीतरी उरलं. वास असा, की मी मागे सरकलो.

मुलगी माझ्या बाजूला उभी होती. तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसका झाला होता. "मी एक दिवस चुकवला नाही. कामावरून यायला उशीर झाला तरी आधी पाणी घालत होते. पानं पिवळी दिसली तेव्हा आणखी घातलं. तूच सांगायचीस ना? शाळेतून आले की दप्तर ठेवायच्या आत, पानं पिवळी आहेत का बघ, असली तर बादली घाल."

सांगायची खरं. आमचं घर मुरमावर आहे. तिथे ओतलेलं पाणी चाळणीतून जावं तसं जातं. ते लिंबू लहान होतं तेव्हा त्याला बादल्यांनीच जगवलं, आणि बादल्या ओतायचं काम पोरीचं होतं. पिवळं पान म्हणजे तहान, हे तिच्या अंगात भिनलं होतं. तळ्यावरच्या या जमिनीत पिवळं पान म्हणजे बुडालेलं झाड, हे तिला कोण सांगणार? जी सांगू शकत होती तिच्याशी बोलणं बंद. पोर इमानेइतबारे आईचं ऐकत होती आणि रोज त्या झाडाला बुडवत होती.

ही हातातल्या मुळाकडे बघत बसली. मग म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही. ते मी आपल्या घरच्या जमिनीपुरतं सांगितलं होतं. कधी हे म्हणालेच नाही, की दुसरीकडे असं करू नकोस."

"आणि दुसरं सांगितलं होतंस ते?" मुलगी म्हणाली. "जीव लाव, अजून थोडं सांभाळून घे. तेही मी केलं. तेही रोज केलं, आई. त्या घरात जितकं पिवळं पडत होतं तितकं मी आणखी घालत गेले."

मला वाटलं, आता ही म्हणणार, काही नाही, होतं असं. किंवा त्या वेळी आम्हाला काय माहीत, असं काहीतरी. माणसं तेच म्हणतात. मी तिथून निघून जायच्या बेतात होतो.

ही म्हणाली, "मी तुला विचारलंच नाही. दारात येऊन एक रोप मागणाऱ्याला मी दहा प्रश्न विचारते. तू बॅग घेऊन आलीस, आणि तिथे काय चाललंय एवढंसुद्धा मी विचारलं नाही. तू सांगायला लागलीस की मध्येच समजावायला सुरुवात केली. मला भीती वाटली होती गं. तू खरंच सांगितलंस तर तुला ठेवून घ्यावं लागेल, लोक विचारतील, त्याची भीती. म्हणून परत पाठवलं. चुकलं माझं. फार चुकलं."

मुलगी रडली नाही. हिच्या डोळ्यांतही पाणी नव्हतं, पण चिखलाचे हात मांडीवर तसेच पडले होते, पुसायचंसुद्धा तिला सुचत नव्हतं. पलीकडच्या घरात कुणीतरी कपडे धूत होतं, त्याचा आवाज येत होता.

मग हिची सवय जागी झाली. उठायला लागली. म्हणाली, "बरं, ते कंद आणा हो टेम्पोतून. हा खड्डा आहेच, त्यात..." आणि थांबली. "नाही, तुला कर्दळ आवडत नाही. मग आपण दुसरं काहीतरी बघू. ओल सोसणारी खूप झाडं आहेत, मी उद्या..."

"आई," मुलगी म्हणाली, "आज काही लावू नकोस. बस जरा."

ही परत खाली बसली. मुलगी तिच्या शेजारी पायरीवर बसली. तिने ओढणीच्या टोकाने आईचे हात पुसले, एकेक बोट. मग ती बोलायला लागली. आधी थोडं थोडं. त्या घरातल्या पहिल्या वर्षाचं काहीतरी होतं. मी फाटकापाशी जाऊन उभा राहिलो, ते माझ्यासाठी नव्हतं. तिथून शब्द कळत नव्हते, आवाज तेवढा येत होता. मुलीचा एकटीचाच. हिचा आवाज मध्ये एकदाही आला नाही.